माहितीपत्रकातली आगबोट

परभणीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. जिल्ह्यातील बहुसंख्य मुलांनी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे येलदरीचा जलाशय, नाहीतर पुराच्या दिवसांतली गोदावरी. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात सेलू तालुक्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जुन्या प्रवासी आगबोटींना वाहिलेले एक लांबलचक टेबल दिसले, तेव्हा मी साहजिकच तेथे रेंगाळलो.

टेबलावर चाळीसेक माहितीपत्रके मांडली होती. बोट कंपन्या प्रवाशांना भुलवण्यासाठी छापत असत ती रंगीत पत्रके. मुखपृष्ठावर निळा समुद्र, पांढरी किंवा काळी बोट, आत भोजनगृहाची चित्रे, भाड्याचे तक्ते, सुटण्याच्या तारखा आणि घडी उलगडली की हातभर लांबीचे डेकचे नकाशे. संग्रह एका निवृत्त भूगोल शिक्षकांचा. गावात त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. मुंबई आणि हैदराबाद येथील जुन्या कागदांच्या दुकानांतून तीसेक वर्षे त्यांनी ही पत्रके गोळा केली. मुलांकडून प्रत्येक पत्रकाशेजारी माहितीची चिठ्ठी लिहून घेतली होती. "डॉक्टरसाहेब, तुम्ही संशोधक माणूस. जरा कडक तपासा," असे गुरुजी म्हणाले. त्यांच्याच परवानगीने ती तपासणी येथे मांडतो आहे.

प्रथम जमेची बाजू. असे कागद कोणी जपून ठेवत नाही. प्रवास संपला की पत्रक रद्दीत जाते. मोडीत निघालेल्या किंवा बुडालेल्या बोटीच्या आत कोणती खोली कोठे होती, मुंबईहून निघून एडन, सुएझ, मार्सेलिस असे टप्पे घेत ती कधी पोचत असे, हे कळायला आज ही पत्रके फार उपयोगी पडतात. भूगोलाच्या तासाला नुसता नकाशा दाखवण्यापेक्षा असे एक पत्रक मुलांच्या हाती दिले, तर सुएझ कालव्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. संग्रहाच्या बाबतीत गुरुजींना पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

माझी तक्रार चिठ्ठ्यांविषयी आहे. जवळजवळ सर्व चिठ्ठ्या पत्रकातील मजकुराचा मराठी अनुवाद होत्या. विकणाऱ्याने जे सांगितले, तेच आपण इतिहास म्हणून लिहून घेतले होते. तीन उदाहरणे पाहू.

टन म्हणजे किती?

'स्ट्रॅथनेव्हर' ही पी. अँड ओ. कंपनीची १९३१ मधील बोट. चिठ्ठीत लिहिले होते : "वजन २२,५०० टन." पत्रकात आकडा असतो, पण 'वजन' हा शब्द मुलांनी आपल्या मनाने घातला. चूक अगदी स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच शिकवायला सोन्यासारखी आहे. प्रवासी बोटींच्या पत्रकातला हा टन वजनाचा नव्हे, आकारमानाचा असतो. बोटीतील बंदिस्त जागेचे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणजे नोंदणीचा एक टन. दारूची पिंपे किती मावतात यावरून जहाजाचा आकार ठरवण्याची युरोपातील जुनी रीत होती, तिच्यातून हा शब्द आला. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ही मोजणी पुढे बदलली. तो करार १९८२ पासून अमलात आला.

२५ फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच अशी वर्गखोली घेतली, तर तिचे आकारमान ५,००० घनफूट, म्हणजे ५० नोंदणी टन. 'स्ट्रॅथनेव्हर' म्हणजे अशा ४५० वर्गखोल्या! मुलांना हे चटकन दिसते. बोटीचे खरे वजन काढायचे असेल तर आर्किमिडीजकडे जावे लागेल. तरंगणाऱ्या बोटीने जितके पाणी बाजूला सारले, त्या पाण्याचे वजन तेच बोटीचे वजन. एका चुकीच्या शब्दातून घनता, आकारमान आणि प्लवन असे तीन धडे निघतात.

दोन धुरांडी शोभेची

त्याच चिठ्ठीत पुढे होते : "बोटीला तीन धुरांडी होती, कारण तिची यंत्रे फार शक्तिशाली होती." चित्रात तीन पिवळी धुरांडी दिमाखात उभी होती, हे खरे. परंतु त्यांपैकी फक्त मधले धुरांडे धूर सोडण्याच्या कामाचे होते. पुढचे आणि मागचे शोभेसाठी होते. जास्त धुरांडी म्हणजे जास्त वेग आणि जास्त सुरक्षितता, अशी त्या काळच्या प्रवाशांची समजूत होती आणि कंपन्यांनी ती जोपासली. 'टायटॅनिक'चे चौथे धुरांडेही बॉयलरचा धूर सोडण्यासाठी नव्हते. ते मुख्यतः हवा खेळती ठेवण्याच्या कामी येई. दुसऱ्या महायुद्धानंतर 'स्ट्रॅथनेव्हर'ची दुरुस्ती झाली, तेव्हा दोन्ही खोटी धुरांडी उतरवण्यात आली. बोट एका धुरांड्यावर पुढेही सुखरूप चालली.

म्हणजे युद्धापूर्वीचे पत्रक आणि युद्धानंतरचे पत्रक शेजारी ठेवले असते, तर चित्रांनीच आपली लबाडी कबूल केली असती. संग्रहाचे खरे मोल येथे आहे. एक कागद दावा करतो, दोन कागद एकमेकांची साक्ष तपासतात.

'पॉश'ची गोष्ट

तिसरी चिठ्ठी मुलांना फार आवडलेली होती. 'पॉश' हा आपण रोज वापरतो तो शब्द 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या शब्दांच्या आद्याक्षरांपासून झाला, असे तीत म्हटले होते. हिंदुस्थानकडे येताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली सावलीत राही, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटांवर तसा शिक्का मारीत, अशी ती कथा. कथा सुरेख आहे, पण असा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही. शब्दांचा अभ्यास करणारे ही व्युत्पत्ती मानत नाहीत.

मात्र तिकिटाचा पुरावा नाही म्हणून गोष्ट टाकून देऊ नये. तिच्यातील विज्ञान तपासता येते. अरबी समुद्रातून पूर्वेकडे येणाऱ्या बोटीची डावी बाजू उत्तरेला असते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा डावी बाजू सावलीत राहील, हे बरोबर. पण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत काय होते? मुंबई आणि परभणी जवळजवळ एकाच अक्षांशावर, १९ अंशांच्या आसपास आहेत. या काळात दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे मुंबईच्या जवळ आलेल्या बोटीची डावी बाजूच दुपारी उन्हात! परभणीच्या शाळेच्या मैदानात एक काठी रोवली, की जून महिन्यात, ढग नसतील त्या दिवशी, भर दुपारी तिची सावली दक्षिणेला पडलेली दिसेल. समुद्र न पाहता समुद्रावरची गोष्ट तपासता येते, ती अशी.

चित्राच्या चौकटीबाहेर

येथवरच्या चुका दुरुस्त करता येण्याजोग्या आहेत. त्यापेक्षा गंभीर बाब म्हणजे पत्रक जे सांगतच नाही ती. डेकच्या नकाशांत प्रवाशांची प्रत्येक खोली, प्रत्येक खुर्ची, पोहण्याचा हौदसुद्धा काढलेला असतो. मधेच काही जागा कोऱ्या, पांढऱ्या असतात. त्या रिकाम्या नव्हत्या. तेथे बोट चालवणारी माणसे राहत.

पी. अँड ओ.च्या बोटींवर डेकवरचे खलाशी आणि त्यांचे सारंग प्रामुख्याने कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे, इंजिनखोलीतले आगवाले बहुधा पंजाब आणि सरहद्दीकडचे, आणि भोजनगृहातले वाढपी गोव्याचे, अशी ढोबळ विभागणी असे. तांबड्या समुद्राच्या उकाड्यात बॉयलरच्या तोंडाशी उभे राहून कोळसा टाकणाऱ्या माणसाला त्याच बोटीवरच्या गोऱ्या खलाशापेक्षा पगार कमी आणि झोपायला जागाही कमी. संग्रहातील एकाही चिठ्ठीत त्यांचा उल्लेख नव्हता. असणार कसा? पत्रकात तो नाही.

बोटींचा शेवटही पत्रकात नसतो. 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या १९२९ च्या बोटीचे पत्रक टेबलावर होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३० च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या गोलमेज परिषदेला याच बोटीने गेले. ही बोट ११ नोव्हेंबर १९४२ रोजी अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. पुढे तिसऱ्याच दिवशी त्याच किनाऱ्याजवळ त्याच कंपनीची 'नारकुंडा' बाँबहल्ल्यात बुडाली. पहिल्या महायुद्धातही हेच घडत होते. १९१७ मध्ये बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा त्यांची पुस्तके वेगळ्या बोटीने पाठवली होती. ती बोट पाणतीराला बळी पडली आणि पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. पत्रकातल्या 'सुखरूप प्रवास' या शब्दांशेजारी एवढी एक ओळ तरी हवी होती.

आणखी एक दोष संशोधक म्हणून मला खटकला. तो एखाद्या चिठ्ठीचा नाही, संपूर्ण संग्रहाचा आहे. ज्या बोटींनी आपली सामान्य माणसे प्रवास करीत, त्या टेबलावर जवळजवळ नव्हत्याच. मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील सर्वांत मोठ्या जलअपघातांपैकी हा एक. पण कोकणच्या बोटीला गुळगुळीत कागदावरचे रंगीत पत्रक कोण छापणार? उतारू धक्क्यावर येऊन तिकीट काढीत. पत्रकांवरूनच बोटींचा इतिहास लिहायचा ठरवला, तर ज्या बोटींवर श्रीमंत बसले त्यांचाच इतिहास लिहिला जाईल. संख्याशास्त्रात याला नमुना निवडण्यातला दोष म्हणतात. नमुना कितीही मोठा केला तरी हा दोष जात नाही. चाळीसऐवजी चारशे पत्रके जमवली, तरी 'रामदास' त्यांत सापडायची नाही.

हे सर्व ऐकून गुरुजी थोडे नाराज झाले. म्हणाले, "पोरं इथं बोट बघायला येतात हो. मेलेल्या माणसांची यादी लावली तर टेबलाजवळ थांबेल कोण?" त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. नवल वाटल्याशिवाय कोणी प्रश्न विचारत नाही, आणि नवल वाटायला लावण्याचे काम त्या निळ्या चित्रांनी चोख केले होते. प्रश्न एवढाच की नवल वाटल्यानंतर आपण मुलांना कोठे नेतो? याचे उत्तर टेबलावरच होते, आणि ते कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

रामन यांचा प्रिझम

'नारकुंडा'च्या पत्रकाशेजारच्या चिठ्ठीत बोटीचे टन, सिमल्याजवळच्या नारकंडा गावावरून पडलेले नाव आणि प्रवासाचे दिवस एवढेच होते. विज्ञान प्रदर्शनात ही चूक मात्र मला क्षम्य वाटली नाही. कारण १९२१ मध्ये ऑक्सफर्ड येथील विद्यापीठांच्या परिषदेहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन याच बोटीवर होते.

भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग सर्वच प्रवासी पाहत होते. पत्रकाच्या चित्रकारानेही तो शाईने रंगवला आहे. समुद्र निळा का, याचे लॉर्ड रॅले यांनी दिलेले उत्तर त्या वेळी मान्य होते : ते केवळ आकाशाचे प्रतिबिंब आहे. रामन यांच्याजवळ एक निकोल प्रिझम होता. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश, विशिष्ट कोनातून पाहिल्यास, ध्रुवीभूत असतो. पाण्याच्या बाबतीत हा कोन लंबाशी सुमारे ५३ अंशांचा आहे. निकोल प्रिझम योग्य रीतीने फिरवला की हा परावर्तित प्रकाश अडवला जातो. रामन यांनी डेकवरून तसे करून पाहिले. आकाशाचे प्रतिबिंब नाहीसे झाले, पण निळा रंग गेला नाही. उलट तो अधिक गहिरा दिसला. म्हणजे तो रंग पाण्याच्या आतून येत होता. २६ सप्टेंबर १९२१ ही तारीख घालून मुंबई बंदरातूनच त्यांनी 'नेचर' या नियतकालिकाला पत्र लिहिले. पाण्याचे रेणू प्रकाशाचे विकिरण करतात, या विचाराचा पाठपुरावा पुढे २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत पोचला. तो दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो.

येथेही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रामन यांनी विकिरणाला मुख्य श्रेय दिले. पाणी स्वतः तांबडा प्रकाश शोषून घेते, याचाही समुद्राच्या निळेपणात मोठा वाटा आहे, हे आज आपल्याला माहीत आहे. रामन यांचेही म्हणणे तपासून घ्यावे लागले. त्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही.

मला वाटते, माहितीपत्रक वाचण्याची रीत हीच. पृष्ठभागावरची चमक आधी अडवावी आणि मग आतून काय येते ते पाहावे. पत्रकासाठी लागणारा प्रिझम तीन प्रश्नांचा आहे. हा कागद कोणी, कोणासाठी छापला? यातले कोणते विधान दुसऱ्या मार्गाने तपासता येईल? आणि कोण किंवा काय यात असायला हवे होते, पण नाही?

कापसाची गाठ

प्रदर्शनातून निघताना सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, आपल्या गावचं कोणी या बोटीत बसलं असेल का?" गुरुजी माझ्याकडे पाहू लागले. एका दमात उत्तर देता आले नाही, पण प्रश्न तिसऱ्या प्रकारचा होता, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आले.

माणूस बसला असेल-नसेल, पण या भागातला कापूस समुद्रापर्यंत जाण्याची वाट मात्र स्पष्ट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाची मीटरगेज रेल्वे सिकंदराबादहून परभणी, सेलूवरून मनमाडला जोडली गेली. तेथे रुंद मार्गावर माल चढवला की पुढे मुंबई बंदर. त्या काळी भारतातल्या आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपान होते. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी एका जपानी कंपनीच्या साह्याने मुंबई-जपान मार्गावर बोटी सुरू केल्या, त्या पी. अँड ओ.च्या मालवाहतुकीच्या दरांना आव्हान देण्यासाठीच. पी. अँड ओ.ने आपले दर इतके पाडले की टाटांना माघार घ्यावी लागली. पिवळी धुरांडी आणि निळा समुद्र छापणाऱ्या कंपनीचा हाही इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा सेलूच्या शेतापर्यंत येतो.

ती मुलगी कापूस पिकवणाऱ्या घरातली आहे. दर उन्हाळ्यात अशा घरांत आणखी एक रंगीत माहितीपत्रक येते, बियाण्यांचे. गुळगुळीत कागद, बोंडांनी लगडलेले झाड, हसणारा शेतकरी आणि उताऱ्याचा ठळक आकडा. तो उतारा कोणत्या जमिनीत, किती पावसात, किती पाणी आणि खत घालून आला? किती शेतांपैकी हे एक शेत निवडले? ज्यांचे पीक गेले त्यांची छायाचित्रे कोठे आहेत? या कागदावर विश्वास ठेवून घरात कर्ज काढले जाते. आगबोटीच्या खोट्या धुरांड्याने आज कोणाचे नुकसान होणार नाही. बियाण्याच्या पत्रकातले धुरांडे मात्र ओळखता आले पाहिजे, आणि ते ओळखण्याचा सराव आगबोटीवर करायला काहीच हरकत नाही.

गुरुजींनी चिठ्ठ्या नव्याने लिहून घ्यायचे ठरवले आहे. प्रत्येक चिठ्ठीला आता दोन रकाने असतील : 'पत्रक काय म्हणते' आणि 'आम्ही काय तपासले'. दुसरा रकाना कोरा राहिला तरी चालेल, असे त्यांनी मुलांना सांगितले आहे. एका गोष्टीवर मात्र ते ठाम आहेत. निळ्या समुद्राची मुखपृष्ठे पूर्वीसारखीच, सर्वांत पुढे मांडली जातील. माझा त्याला विरोध नाही.